कोटीची गाडी वीस लाखांत: रेंज रोव्हर, लिंबू आणि जुन्या गाड्यांचा बाजार

आज १९७० सालात जायचंय. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. जूनमध्ये इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीने रेंज रोव्हर नावाची नवी गाडी लोकांसमोर आणली. आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स या त्रैमासिकात जॉर्ज अकरलॉफ नावाच्या ३० वर्षांच्या प्राध्यापकाचा १३ पानांचा एक लेख छापून आला. लेखाचं नाव ‘द मार्केट फॉर लेमन्स’. विषय, जुन्या गाड्यांचा बाजार.

पन्नास-पंचावन्न वर्षांनी या दोन्ही गोष्टी तुमच्या-माझ्या मोबाईलवर एकत्र येतात. ते रील तुम्ही बघितलं असणारच. यार्डात रांगेनं चकचकीत गाड्या, मागे पंजाबी गाणं, आणि एक भाऊ बॉनेटवर हात ठेवून सांगतोय, ‘नवी असताना कोटीच्या वर, आपल्याकडे फक्त बावीस लाख!’ खाली कमेंटमध्ये शंभर जण विचारतायत, ‘भाई, लोन होईल का?’

लोन होतं हो. प्रश्न वेगळा आहे. एखाद्या वस्तूची किंमत दहा-बारा वर्षांत पाचव्या हिश्श्यावर का येते, आणि जी समोर उभी आहे ती चांगली की वाईट हे कसं ओळखायचं? माझं म्हणणं असं की ऑफ-रोड लक्झरी एसयूव्हीच्या बाबतीत याचं निम्मं उत्तर इतिहासात आहे. उरलेलं निम्मं गाडीखाली आडवं पडून मिळतं. आधी इतिहास.

अकरलॉफपासून सुरू करू. अमेरिकेत बोलीभाषेत ‘लेमन’ म्हणजे वरून छान आणि आतून बाद निघालेली गाडी. आपण म्हणतो ना, ‘डबडं निघालं’, तसं. आपल्याकडे नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढे लिंबू-मिरची टांगतात. तिकडे खुद्द गाडीच लिंबू! असो. तर अकरलॉफचा मुद्दा फार साधा होता. जुनी गाडी विकणाऱ्याला तिच्या सगळ्या खोडी माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात.

समजा बाजारात एकाच मॉडेलच्या दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, खरी किंमत ४० लाख. पाच वाईट, खरी किंमत १० लाख. दिसायला सगळ्या सारख्या. घेणारा काय करेल? मधला आकडा धरेल, २५ लाख. आता चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, ‘पंचवीसला कशाला देऊ? त्यापेक्षा मीच वापरतो.’ तो बाजारातून निघून जातो. वाईट गाडीचा मालक मात्र खूश, दहाच्या मालाला पंचवीस मिळतायत! हळूहळू घेणाऱ्यांच्याही लक्षात येतं की इथे वाईटच जास्त आहेत. मग भाव आणखी पडतो, आणखी चांगल्या गाड्या बाहेर जातात. शेवटी यार्डात उरतं काय? लिंबं.

ही गोष्ट आज आपल्याला ‘त्यात काय एवढं’ वाटते. तेव्हाच्या संपादकांनाही तसंच वाटलं. तीन नियतकालिकांनी हा लेख परत पाठवला. दोघांचं म्हणणं पडलं की हे फारच किरकोळ आहे. पुढे २००१ साली याच कामासाठी अकरलॉफला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि यात भारताचाही एक धागा आहे. १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर होता. लेखात गाड्यांसोबत आपल्याकडचे सावकार येतात, आणि तांदूळ निवडणंही येतं. तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरच्या बाईला ते एकेक वेचून काढावे लागतात, हे त्याने नोंदवलंय. आपल्या आज्या सुपात तांदूळ घेऊन बसायच्या तेव्हा जे करत होत्या, ते म्हणजे माल तपासण्याचा खर्च. तो खर्च खरेदीदाराच्या माथी असतो, हेच लेखाचं सार.

आपल्या म्हणीत सांगायचं तर ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’. म्हैस डुंबतेय, फक्त शिंगं दिसतायत, आणि काठावर भाव ठरतोय. बैलबाजारात मात्र कोणी असा सौदा करत नाही. तिथे दात बघतात, चालवून बघतात, खूर बघतात. कोटीच्या गाडीला मात्र आपण नुसतं व्हिडिओ कॉलवर बघून टोकन टाकतो.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू, म्हणजे रेंज रोव्हरकडे. तिच्यासाठी अजून थोडं मागे जावं लागेल.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. रोव्हरचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती आणि तिथे ते युद्धातून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरायचे. तिच्यावरून कल्पना निघाली, की शेतकऱ्याला चालेल अशी आपलीच गाडी का काढू नये? ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर दाखवली. ब्रिटनमध्ये तेव्हा पोलादाचं रेशनिंग चालू होतं, म्हणून बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. सुरुवातीच्या गाड्यांचा तो फिकट हिरवा रंगसुद्धा लष्कराकडे उरलेल्या रंगातून आलेला. आत बघितलं तर पत्रा, बोल्ट, एक साधं इंजिन. बिघडली तर पाना आणि हातोडी घेऊन कोणीही उघडावी. ‘मजबूत’ हा शब्द लँड रोव्हरला चिकटला तो इथे.

मग १९७०. इंजिनिअर स्पेन किंग आणि त्यांच्या लोकांनी विचार केला की शेतातून जाऊन परत हायवेवर आरामात पळेल अशी गाडी हवी. रेंज रोव्हरमध्ये पाटेऐवजी कॉइल स्प्रिंग घातल्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, चारही चाकांना कायम ताकद दिली. साडेतीन लिटरचं व्ही ८ इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्युइकचं होतं, रोव्हरने त्याचे हक्क घेतले होते. पण आतमध्ये? दोन दरवाजे, रेक्झिनसारख्या प्लॅस्टिकच्या सीट, आणि पाइप लावून धुता येईल अशी जमीन. लक्झरीचा पत्ता नाही. तरी दिसायला इतकी नेटकी की पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात औद्योगिक डिझाइनचा नमुना म्हणून ती मांडली गेली.

तिची दोन प्रवासवर्णनं सांगतो, कारण जाहिरातीत पहिलं अर्धंच सांगतात. १९७१-७२ मध्ये जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत निघाल्या. मध्ये पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर डेरियन गॅप, म्हणजे रस्ताच नसलेलं जंगल आणि दलदल. काही शे किलोमीटरला जवळपास १०० दिवस लागले. गाड्या पार झाल्या, हा जाहिरातीतला भाग. उरलेला भाग असा की वाटेत डिफरन्शियल फुटली आणि नवे सुटे भाग मागवावे लागले. दलदलीसाठी लावलेल्या अवजड टायरांचा ताण त्यांना झेपला नव्हता. म्हणजे गाडी मजबूत होती, आणि तिच्यामागे भाग पोहोचवणारी माणसंही होती. जुनी गाडी घेताना हे दुसरं वाक्य विसरू नका.

दुसरं, पॅरिस-डाकार रॅली. १९७९ च्या पहिल्याच रॅलीत चारचाकींमध्ये रेंज रोव्हर पहिली आली आणि १९८१ मध्ये रेने मेत्झने पुन्हा जिंकली. नाव झालं.

आणि त्याच १९८१ मध्ये कंपनीनं चार दरवाज्यांची रेंज रोव्हर आणली. इथून गोष्ट वळते. मग ऑटोमॅटिक गिअर, मग चामड्याच्या सीट, लाकडी पट्ट्या. १९८७ मध्ये ती अमेरिकेत विकायला गेली, श्रीमंत उपनगरांत. १९९२ मध्ये लांब बॉडीच्या मॉडेलमध्ये एअर सस्पेन्शन आलं. पोलादी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे, त्यांना हवा देणारा कॉम्प्रेसर, व्हॉल्व्हचा ठोकळा, प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा कॉम्प्युटर. बसायला ढगासारखी. पण स्प्रिंग तुटायला वीस वर्षं लागतात, रबर मात्र उन्हापावसात दहा वर्षांत तडकतं. फुग्याला बारीक भोक पडलं की कॉम्प्रेसर दिवसभर हवा भरत बसतो आणि शेवटी तोही जळतो. एक बिघाड दुसऱ्याला बोलावतो.

म्हणजे बघा, शेतातलं अवजार होतं ते पंचवीस वर्षांत राजवाडा झालं. नाव तेच राहिलं. ‘मजबूत’ ही कीर्ती अवजाराची, किंमत राजवाड्याची, आणि तिसरा-चौथा मालक म्हणून तुम्ही गाडी घेता तेव्हा दुरुस्तीचं बिल राजवाड्याचंच येतं. गाडीची किंमत ८० टक्के उतरली म्हणून कॉम्प्रेसर ८० टक्के स्वस्त मिळत नाही. वीस लाखांची गाडी घेतलेला माणूस देखभाल मात्र कोटीच्या गाडीची करत असतो. अकरलॉफच्या लिंबाखेरीज भाव पडण्याचं हे दुसरं कारण, आणि मला विचाराल तर जास्त मोठं. चांगली गाडी असली तरी हे लागू आहे.

आता कंपनीचे मालक मोजू. हे कंटाळवाणं वाटेल, पण पैसे इथे वाचतात. सुरुवातीला रोव्हर. मग सरकारी मालकीची, संपांनी आणि तोट्याने गाजलेली ब्रिटिश लेलँड. १९८८ मध्ये ब्रिटिश एरोस्पेस. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यू. २००० मध्ये फोर्ड. आणि जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून २.३ अब्ज डॉलरला घेतल्या.

प्रत्येक मालकाने गाडीत आपली माणसं आणि आपले पार्ट घातले. १९९४ ची दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर, जाणकार तिला पी ३८ म्हणतात, एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कटकटींसाठी बदनाम झाली. जुन्या व्ही ८ इंजिनातले लायनर सरकण्याच्या तक्रारीही आल्या. तिसरी पिढी, एल ३२२, २००१ च्या शेवटी आली. तिचं डिझाइन बीएमडब्ल्यूच्या काळात झालं, विकली फोर्डच्या काळात. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन बीएमडब्ल्यूचं आणि काही वर्षांनी, त्याच बॉडीत, जॅग्वारच्या घराण्यातलं. मागून बघितलं तर दोन्ही जवळपास सारख्या! यार्डवाला ‘२००४’ म्हणाला की ‘२००७’, यावर मेकॅनिक कुठला शोधायचा ते बदलतं.

फोर्ड आणि फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएनने मिळून एक व्ही ६ डिझेल इंजिन तयार केलं. २००४ मध्ये ते डिस्कव्हरी ३ मध्ये आलं, पुढे रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये. पळायला झकास. पण त्याच्या क्रँकशाफ्ट तुटण्याच्या आणि मेन बेअरिंग फिरण्याच्या तक्रारी जगभर प्रसिद्ध आहेत. सगळ्या इंजिनांचं असं होत नाही, पण झालं तर अख्खं इंजिनच बदलायचं. शिवाय टर्बो अशा अडचणीच्या जागी बसवलाय की बरेच मेकॅनिक सरळ बॉडीच चॅसिसवरून वर उचलतात. हे ऐकून ऑइल बदलल्याच्या प्रत्येक पावतीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल, अशी आशा आहे. पाच लिटरच्या पेट्रोल व्ही ८ मध्ये सुरुवातीच्या वर्षांत टायमिंग चेनचे गाइड आणि टेन्शनर झिजायचे. थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते ती तीच. ‘थंड इंजिन’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२०१२ मध्ये चौथी पिढी आली, पूर्ण ॲल्युमिनियमच्या बॉडीची. काही मॉडेलमध्ये वजन ४२० किलोपर्यंत कमी केल्याचं कंपनीने सांगितलं. सध्या रीलमध्ये ‘नव्या शेपची’ म्हणून दाखवतात ती बऱ्याचदा हीच.

समोरच्या बाजूचंही थोडक्यात सांगतो, नाहीतर टोयोटावाले रागावतील. १९५१ मध्ये टोयोटाने जीपसारखी बीजे नावाची गाडी बनवली आणि ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली. १९५४ मध्ये तिचं नाव लँड क्रूझर झालं. ऑस्ट्रेलियात लँड रोव्हरचं राज्य होतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी स्नोई पर्वतातल्या जलविद्युत प्रकल्पावर लँड क्रूझर पोहोचल्या आणि हळूहळू तो बाजार टोयोटाने खाल्ला. टोयोटाने लक्झरी चढवली, पण सावकाश, जुना भाग सिद्ध झाल्याशिवाय नवा नाही. म्हणून जुन्या लँड क्रूझरचा भाव आपल्याकडेही उतरता उतरत नाही. पण इथे उलटा धोका आहे. नावाचं पांघरूण इतकं जाड की त्याखाली पुरात बुडालेली, ताफ्यात बेदम पळवलेली गाडीही सुखाने झोपते. मॉडेल चांगलं म्हणून तुमच्या समोरची गाडी चांगली, असं कोणी लिहून दिलेलं नाही.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण कंपनीचा मालक बदलल्यावर गोष्ट आपल्या दारात आली. २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर २ ची जुळणी सुरू झाली. आणि मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्टही पुण्यात जोडणार. आयात कर वाचला, नव्या गाडीची किंमत एकदम उतरली. आता गंमत बघा. ज्याने आदल्या वर्षी पूर्ण आयात केलेली गाडी घेतली होती, त्याच्या गाडीचा भाव तिने काहीही न बिघडवता पडला. यार्डवाला ‘ओरिजिनल इम्पोर्ट आहे साहेब’ म्हणून जास्त मागेल. त्या जुन्या आकड्याशी तुलना करू नका, आजच्या नव्या गाडीच्या किंमतीशी करा.

अशीच दिल्लीची गोष्ट. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की राजधानी परिसरात १० वर्षांपुढची डिझेल आणि १५ वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालणार नाही. पुढे या नियमावर खूप वाद झाले, तो बदलतही राहिला. पण त्या भीतीने दिल्लीकरांनी आठ-नऊ वर्षांच्या डिझेल एसयूव्ही धडाधड विकल्या. रीलमधल्या गाड्या ‘डीएल’ नंबरच्या का असतात, ते आलं ना लक्षात? आणि इथे अकरलॉफचं गणित आपल्या बाजूने झुकतं. विकणाऱ्याकडे विकायचं असं कारण आहे ज्याचा गाडीच्या तब्येतीशी संबंध नाही. चांगली गाडीही नाइलाजाने बाजारात येते. म्हणून मी प्रत्येक वेळी एकच विचारतो, ‘का विकताय?’ आणि ते कारण कागदावर पडताळता येतं का, ते बघतो. अर्थात दिल्लीची गाडी इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरा. लक्झरी गाडीवर तो टॅक्स काही हजारांचा नसतो.

कारणांमध्ये एक कारण कोणीच सांगत नाही. पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात जातात. ‘ही तर पाण्यातून जायचीच गाडी आहे’ असं उत्तर मिळेल. नदी पार करणं वेगळं आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन दिवस छतापर्यंत बुडून राहणं वेगळं. सीटखालचे कंट्रोल बॉक्स आणि वायरिंग पाण्यात बसलं की बिघाड लगेच दिसत नाही, सहा महिन्यांनी जोडांवर हिरवट गंज चढल्यावर दिसतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ असते. मागच्या स्टेपनीची जागा बघा. सीटचे बोल्ट बघा, ते गंजायचं एरवी काही कारण नसतं.

आता गाडीखाली आडवं पडण्याचा भाग. माझा एक मित्र आहे, सांगलीजवळ त्याची रोपवाटिका आहे. वय २९. त्याला अशीच एक २०११ ची डिझेल एसयूव्ही आवडली होती, २१ लाखांना. ९ लाख स्वतःचे, ते मुळात नव्या शेडनेटसाठी साठवलेले, आणि बाकीचं कर्ज. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, वय झालेली कुठलीही गाडी अशीच असू शकते. शनिवारी सकाळी आम्ही दोघं यार्डात गेलो. बॉनेटला हात लावला तर गरम! ‘तुमच्यासाठी सुरू करून ठेवली, दादा,’ म्हणाले. मित्र चावी घ्यायला निघालाच होता. मी म्हटलं, ‘थांब. आज नुसती उभी करून जाऊ.’ चारही चाकांच्या कमानीपर्यंतची उंची टेपने मोजली, फोनवर फोटो काढले आणि सांगितलं, उद्या आम्ही येईपर्यंत सुरू करू नका.

रविवारी सकाळी मागची डावी बाजू चार बोटं खाली बसलेली. सुरू केल्यावर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. ‘एअर सस्पेन्शनमध्ये एवढं चालतंच, साहेब.’ चार टायर तीन कंपन्यांचे. चारही चाकं सतत ओढणाऱ्या गाडीत टायरचा घेर सारखा लागतो, नाहीतर मधल्या डिफरन्शियलवर ताण येतो. आणि पैसे संपलेला मालकच असे टायर घालतो. मैदानात नेऊन न्यूट्रलमध्ये लो रेंज लावायला सांगितलं. दिवा लुकलुकत राहिला, गिअर काही पडेना. शहरात दहा वर्षं ती कळ कोणी दाबलीच नसणार, मोटर जाम. खाली बॅटरी मारली तर दगड लागल्याची खूण नाही, म्हणजे जंगलात कधी गेलीच नव्हती. ते एक बरं.

मग फाइल. सर्व्हिसच्या पावत्या २०१६ पर्यंत, शेवटची ५८ हजार किलोमीटरची. त्यानंतर काहीच नाही. मीटरवर ७१ हजार. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र गुळगुळीत झालेलं आणि स्टिअरिंगचं चामडं चकाकत होतं. सोबत नेलेल्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. बऱ्याच नव्या गाड्यांत धावलेलं अंतर एकाहून जास्त कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेलं असतं. मीटर मागे फिरवणारा सगळीकडे पोहोचतोच असं नाही. एका युनिटमध्ये १ लाख ३२ हजार दिसलं.

यार्डवाला यावर काही बोलला नाही, दोन लाख कमी केले. मित्राने माझ्याकडे बघितलं. मला कळत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय, कारण गाडी दिसायला खरंच देखणी होती. ‘भावा, एकोणीसला चालेल का रे?’ मी त्याला कॉम्प्रेसर, फुगे, टायर, लो रेंजची मोटर यांचे आकडे मेकॅनिककडून वहीत लिहून घ्यायला सांगितले. बेरीज साडेपाच लाखांवर गेली, आणि इंजिन तर आम्ही उघडलंही नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

अकरलॉफने यावरचे उपायही सांगितले होते. हमी, ब्रँडचं नाव, परवाना. म्हणजे विकणाऱ्याने असं काही करायचं जे लिंबू विकणाऱ्याला परवडणार नाही. आपल्याकडच्या यार्डात तीन महिन्यांची ‘वॉरंटी’ मिळते आणि तिच्या कागदावर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक्स बारीक अक्षरात वगळलेलं असतं. मी त्यापेक्षा साधी परीक्षा घेतो. रात्रभर ठेवा, सकाळी थंड इंजिन आमच्यासमोर सुरू करा, आमच्या मेकॅनिकला लिफ्टवर चढवू द्या. परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, गाडी कितव्या मालकाकडे आहे, बँकेचा बोजा आहे का, हे तर फुकटात दिसतं. पण रात्रभर ठेवायला जो तयार होतो, त्याने न बोलता बरंच सांगितलेलं असतं.

मित्राने आता दुसरी एक बघितलीय. २०१४ ची, दोन मालक, ६ लाखांनी महाग. मालक डॉक्टर आहेत, नाशिकचे. प्रत्येक सर्व्हिसची पावती, फुगे दोन वर्षांपूर्वी बदलल्याचं बिल, सगळं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये. विकायचं कारण विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात, एवढ्या उंच गाडीत चढवत नाही. शेडनेटचं काम पुढच्या हंगामापर्यंत लांबवायचं की गाडीच लांबवायची, यावर त्याच्या घरी वाद चालू आहे. काकूंचं मत गाडीच्या विरुद्ध आहे आणि त्या बोलतायत त्यात मला तथ्य वाटतं. येत्या रविवारी आम्ही नाशिकला चाललोय, टेप आणि स्कॅनर घेऊन. डॉक्टरांनी शनिवारी संध्याकाळपासून गाडी उभी ठेवायचं कबूल केलंय.